फ्रान्सच्या प्रांतोप्रांतीची पाकीटबंद बिस्किटे आणि केक : खानदेशातल्या घरात कशी निवडावीत, कशी ठेवावीत, कशी चाखावीत

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझा पुतण्या तुलूझहून धुळ्याला आला, तेव्हा त्याच्या बॅगेत फ्रान्सच्या निरनिराळ्या प्रांतांतली बिस्किटे आणि छोटे केक यांची आठ पाकिटे होती. बाहेर 43 अंश तापमान होते, बॅग मुंबईपासून गाडीच्या डिकीत आठ तास तापत आली होती, आणि घरी जमलेल्या मंडळींनी रात्रीचे शेवभाजीचे जेवण आटोपताच आठही पाकिटे एकदम फोडली. बटरच्या बिस्किटांचा आतला कागद तुपकट होऊन पारदर्शक झाला होता, तिखटाने पेटलेल्या जिभेला एका पदार्थाची चव दुसऱ्यापासून वेगळी काढता येत नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा 'गोड होते, चांगले होते' यापलीकडे कोणालाही काही सांगता आले नाही. इतक्या लांबून, इतक्या मायेने आणलेल्या वस्तूंचे असे व्हायला नको होते, ही हळहळ मला बरेच दिवस होती. पुढच्या दिवाळीत तो पुन्हा येणार होता, तेव्हा काय आणावे हे आम्ही आधीच ठरवून कळवले, आणलेले नीट ठेवले, आणि पाच दिवसांत रोज एक-दोन असे करून शांतपणे चाखले. त्या दुसऱ्या खेपेला जे जमले, ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे लिहीत आहे.

काय मागवावे

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय खाण्याच्या वेळी होत नाही, तो विकत घेताना होतो. आपल्याकडची खापराची पुरणपोळी खापरावरून उतरली की तासाभरात खावी लागते. तिला कोणी पाकिटात घालून महिन्याने खायला दिली, तर त्या पोळीवरून खानदेशाची परीक्षा करणे अन्यायाचे ठरेल. याउलट दिवाळीत आपण पीठ, साखर आणि तूप घेऊन गल्लीतल्या भट्टीवरून जी नानखटाई भाजून आणतो, ती पत्र्याच्या डब्यात पंधरा-वीस दिवस सुखाने राहते, कारण ती मुळातच टिकण्यासाठी केलेली असते. फ्रान्सच्या प्रांतिक पदार्थांतही हीच दोन घराणी आहेत, आणि दुकानातून पाकीट घ्यायचे असेल तर दुसऱ्या घराण्यातले घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या घराण्यात वायव्येकडच्या ब्रिटनी प्रांतातला क्विन्य-आमान येतो. ब्रिटनीच्या स्वतःच्या ब्रेतों भाषेत 'क्विन्य' म्हणजे केक आणि 'आमान' म्हणजे बटर, आणि पदार्थही नावाप्रमाणेच आहे : पावाच्या कणकेत बटर आणि साखर यांच्या घड्या घालायच्या आणि साखरेचा वरून खमंग पाक होईपर्यंत भाजायचे. द्वार्नने या बंदराच्या गावी तो 1860 च्या सुमारास जन्मला असे मानतात. भट्टीतून काढल्यावर काही तास तो अप्रतिम असतो. पाकिटात मात्र वरचा साखरेचा कुरकुरीत थर ओल धरून चिकट होतो. बोर्दो शहराचा कानले हा तसाच. रम आणि व्हॅनिला घातलेले पातळ पीठ तांब्याच्या कंगोरेदार साच्यात ओतून तो भाजतात, साच्याला परंपरेने मधमाश्यांचे मेण लावतात, आणि त्याची सारी मजा बाहेरचे काळपट, कडक कवच आणि आतला खरवसासारखा मऊपणा यांच्या फरकात असते. पाकिटातल्या कानल्याचे कवच दुसऱ्या दिवसापासूनच मऊ पडू लागते आणि तो फरक पुसला जातो. हे दोन पदार्थ प्रत्यक्ष तिकडे गेलेल्यांनी तिकडेच खावेत.

दुसऱ्या घराण्यात निवडायला पुष्कळ आहे. ब्रिटनीची खाऱ्या बटरची बिस्किटे, म्हणजे पातळ असली तर 'गालेत' आणि बोटभर जाड असली तर 'पाले'. पश्चिमेच्या प्वातू भागातले 'ब्रवाये' नावाचे ताटलीएवढे एकच मोठे बिस्किट. बर्गंडीतल्या दिजों शहराचा मधाचा मसालेदार केक 'पँ देपीस' आणि त्याचेच मुरंबा भरलेले छोटे रूप 'नॉनेत'. शँपेन भागातल्या रँस शहराची गुलाबी बिस्किटे. मार्सेय बंदराची होडीच्या आकाराची 'नावेत'. आणि दक्षिणेच्या एक्स-आं-प्रोव्हांस गावाचे बदामाचे 'कालिसों'. हे सगळे साठवून खायचे, प्रवासात बरोबर न्यायचे, सणाला पाठवायचे पदार्थ आहेत, त्यामुळे त्यांचे पाकीट त्यांच्या मूळ स्वभावाशी इमान राखते. लोरेन प्रांतातल्या कॉमेर्सी गावाची शिंपल्याच्या आकाराची 'मादलेन' या दोन्हींच्या मध्ये बसते. तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

आणणाऱ्याला एवढेच सांगावे की विमानतळावरच्या रंगीत डब्यांच्या मोहात न पडता साध्या सुपरमार्केटच्या बिस्किटांच्या रांगेत आणि प्रांतिक वस्तूंच्या कपाटात पाहावे. पत्र्याच्या डब्याचा उपयोग प्रवासात बिस्किटे फुटू नयेत इतकाच असतो. ताजेपणा आतल्या सीलबंद पुडीवर अवलंबून असतो. चार-पाच प्रकार पुरेत. आठ प्रकार आणले की एकाकडेही लक्ष राहत नाही, हे आम्ही अनुभवले आहे.

पाकीट वाचणे

खानदेशात निम्म्याहून अधिक ओळखीच्या घरांत कोणी ना कोणी अंडे न खाणारे असते, आणि श्रावणात किंवा चातुर्मासात खाणारेही सोडतात. भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर हिरवे किंवा तपकिरी चिन्ह असते आणि आपल्या नियमांप्रमाणे अंडे असलेल्या पदार्थाला मांसाहाराचेच चिन्ह लावावे लागते. फ्रान्समध्ये घेतलेल्या पाकिटावर असे कोणतेच चिन्ह नसते. त्यामुळे घटकांची यादी स्वतः वाचण्याला पर्याय नाही, आणि मोबाइलमधल्या भाषांतराच्या ॲपवर पूर्ण विसंबण्यापेक्षा पाच-सहा शब्द ओळखता येणे अधिक भरवशाचे असते.

युरोपीय नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, आणि अंडे, दूध, गहू, बदाम यांसारखे ज्यांची कोणाला ॲलर्जी असू शकते असे घटक ठळक अक्षरांत किंवा अन्य रीतीने उठून दिसतील असे छापतात. अंड्याचा फ्रेंच शब्द ओळखायला फार सोपा आहे : त्याच्या सुरुवातीला 'ओ' आणि 'ई' ही दोन रोमन अक्षरे एकमेकांना चिकटून एकच अक्षर झाल्यासारखी दिसतात. ते जोडाक्षर यादीत ठळक दिसले की अंडे आहे असे समजावे. 'जेलातीन' हे जिलेटिन प्राण्यांपासून काढलेले असते, 'सँदू' म्हणजे डुकराची चरबी, आणि 'र्‍हम' म्हणजे रम. 'ई 120' किंवा 'कार्मिन' हा लाल-गुलाबी रंग कोचिनील नावाच्या कीटकांपासून काढतात, आणि रँसच्या गुलाबी बिस्किटांना गुलाबी करण्यासाठी तोच वापरण्याची पद्धत आहे. शाकाहारी घरात ही गोष्ट आधी सांगितलीच पाहिजे, कारण ती बिस्किटे दिसायला अगदी निरुपद्रवी असतात आणि मुले पहिला हात तिकडेच घालतात.

खरे सांगायचे तर वर सांगितलेल्या बहुतेक पदार्थांत अंडे असतेच. ब्रिटनीच्या बिस्किटांत बलक असतो, मादलेनीत पूर्ण अंडे असते, कालिसोंवरच्या पांढऱ्या साखरेच्या थरात अंड्याचा पांढरा भाग असतो. अंडे न खाणाऱ्यांसाठी नांत शहराचे 'प्ती बर' हे सगळ्यात सोयीचे, कारण त्याचे घटक मुख्यतः मैदा, साखर, बटर आणि दुधाची भुकटी हेच आहेत. लुई लेफेव्हर-युतील यांनी 1886 मध्ये ते काढले. कडेचे दात चार कोपरे धरून 52 भरतात, म्हणजे वर्षाचे आठवडे, आणि अंगावरचे टोचे 24, म्हणजे दिवसाचे तास, असा त्याचा अर्थ लावतात; घरातल्या मुलांना मोजायला द्यावे. पँ देपीसच्याही काही पाकिटांत अंडे नसते, मात्र तिथे प्रत्येक पाकीट वेगळे पाहावे लागते. आमच्या घरी आम्ही अंडे असलेल्यांची एक ताटली आणि नसलेल्यांची दुसरी ताटली अशी पहिल्यापासून वेगळी मांडली आणि चमचे-सुऱ्याही वेगळ्या ठेवल्या, त्यामुळे काकूंना कोणत्याही क्षणी विचारावे लागले नाही.

अंड्यानंतर बटर पाहावे. पाकिटाच्या दर्शनी बाजूला 'प्यूर बर' असे छापलेले असेल तर पदार्थातला स्निग्धांश केवळ बटरचा आहे असा त्याचा अर्थ होतो. ते शब्द नसतील आणि यादीत 'कोल्झा' दिसले, तर त्यात मोहरीच्या जातीच्या एका तेलबियांचे तेल वापरलेले आहे. स्वस्त मादलेनीत हे सर्रास असते. ती खायला वाईट नसते, परंतु लोरेनची मादलेन कशी लागते हे कळण्यासाठी ती उपयोगाची नाही. बटरपुढे टक्केवारीही बहुधा छापलेली असते. जाड पाले बिस्किटात ती 20 च्या आसपास किंवा त्याहून जास्त असावी. 'देमी-सेल' हे शब्द दिसले तर बटर हलके खारवलेले आहे, आणि फ्रेंच नियमांनुसार तशा बटरात 0.5 ते 3 टक्के मीठ असते.

गावाचे नाव आणि पदार्थाचे नाव यांतला फरकही लक्षात घ्यावा. मादलेन हे नाव कोणत्याही गावच्या कारखान्याला वापरता येते, त्यामुळे नावावरून गाव कळत नाही. कोठे तयार झाले ते मागच्या बारीक अक्षरांत पाहावे लागते. जळगावच्या केळीला आणि भरीताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तशीच व्यवस्था तिकडेही आहे आणि तिची निळी-पिवळी गोल मोहर पाकिटावर असते. पश्चिमेच्या व्हांदे भागातल्या वेणी घातलेल्या गोड पावाला, म्हणजे 'ब्रिओश व्हांदेएन'ला, असे मानांकन आहे. कधी बिस्किट साधे असते पण त्यातले बटर मानांकित असते, जसे शारांत-प्वातूचे किंवा नॉर्मंडीतल्या इझिन्यीचे; अशी मोहर लाल-पिवळी असते आणि ती दिसली तर ते पाकीट निःशंक घ्यावे.

तारखेविषयी थोडक्यात. बिस्किटांवर 'शक्यतो या तारखेपूर्वी खावे' अशा अर्थाची ओळ असते. ती उलटल्यावर चव उतरते, पदार्थ लगेच घातक होत नाही. 'या तारखेपर्यंतच खावे' अशी दुसरी ओळ नाशवंत पदार्थांवर असते आणि ती मात्र काटेकोर पाळावी. तारीख आपल्यासारखीच दिवस, महिना, वर्ष अशी लिहितात.

घरी ठेवणे

बटर साधारण 32 ते 35 अंशांना वितळते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बंद खोलीतले तापमानच त्याच्या वर जाते, त्यामुळे बिस्किटातले बटर वितळून बाहेर येते, रात्री पुन्हा घट्ट होते, आणि असे दोन-तीनदा झाले की बिस्किटावर पांढुरकी झाक येते, कण रवाळ लागतात आणि खुसखुशीतपणा जातो. पुतण्याची पहिली खेप अशीच वाया गेली. म्हणून मागवायचेच असेल तर दिवाळी ते होळी हा काळ धरावा. उन्हाळ्यात आलेच तर पाकीट न फोडता हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावे, आणि खाण्यापूर्वी तासभर तो डबा न उघडता बाहेर काढून ठेवावा. थंड बिस्किट एकदम उघड्या हवेत आणले तर त्यावर दव धरते आणि ते मऊ पडते. डबा बंद असला की दव डब्याच्या बाहेरून धरते. फ्रिजमधून काढून लगेच खाऊ मात्र नये, कारण गार बटर जिभेवर विरघळत नाही आणि ज्या चवीसाठी हे सारे केले ती दडून राहते.

दुसरी काळजी वासाची. बटर आजूबाजूचा वास फार लवकर ओढून घेते, आणि खानदेशी स्वयंपाकघरात काळा मसाला, लसणाची चटणी आणि हिंग एकाच फडताळात असतात. फोडलेले पाकीट तशाच स्थितीत त्या फडताळात ठेवले तर दोन दिवसांत बिस्किटाला मसाल्याचा वास लागतो. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाल्यांपासून दूर, प्रत्येक प्रकार स्वतंत्र ठेवावा. मधाचा केक आणि कुरकुरीत बिस्किटे तर एका डब्यात कधीच घालू नयेत, कारण मधाच्या केकातला ओलावा बिस्किटे ओढून घेतात आणि दोन्ही बिघडतात.

चाखणे

फ्रान्समध्ये शाळेतून आलेली मुले दुपारी चारच्या सुमारास जो गोड खाऊ खातात त्याला 'गूते' म्हणतात, आणि ही पाकिटे मुख्यतः त्याच वेळेसाठी असतात. आपल्याकडेही चार-साडेचारच्या चहाची वेळच सर्वांत योग्य : दुपारच्या जेवणातले तिखट निवलेले असते आणि पोट पूर्ण भरलेले नसते. चहा मात्र नेहमीपेक्षा निम्म्या साखरेचा करावा. आपला दुधाचा गोड चहा घेतल्यावर ही बिस्किटे फिकी लागतात, आणि मग 'यांच्यात गोडीच नाही' असा चुकीचा निकाल दिला जातो. दोन प्रकारांच्या मध्ये घोटभर पाणी आणि चार साधे मुरमुरे खाल्ले की जीभ पुन्हा कोरी होते. एका वेळी दोन, फार तर तीन प्रकार घ्यावेत, आणि साध्याकडून वासाच्या पदार्थांकडे जावे. कालिसों किंवा पँ देपीस आधी खाल्ले तर नंतर प्ती बर कागदासारखे लागेल.

सुरुवात ब्रिटनीच्या जाड पाल्यापासून करावी, कारण आपल्या जिभेची त्याच्याशी निम्मी ओळख आधीच असते. ते हातात घेऊन पाहावे. वरचा भाग अंड्याच्या बलकाने चकचकीत तपकिरी झालेला असतो आणि त्यावर काट्याने ओढलेल्या आडव्या-उभ्या रेघा असतात. कडा सरळ उभ्या असतात, कारण ते कड्यात घालून भाजतात. मोडल्यावर नानखटाईप्रमाणेच भुसभुशीत, रवाळ तुकडा पडतो. पहिला घास चावला की आधी बटर आणि साखर कळते, आणि मग, आपण नानखटाईची वेलची शोधत असतानाच, मिठाचा एक बारीक कण दाताखाली येतो. त्या क्षणी थांबावे. हे मीठ चुकून पडलेले नाही. जुन्या फ्रान्समध्ये मिठावर 'गाबेल' नावाचा जाचक कर होता, ब्रिटनीला त्यातून सूट होती, आणि शेजारीच गेरांदची मिठागरे होती. त्यामुळे बाकी देश बिनमिठाचे बटर खात असताना ब्रिटनीत बटर खारवूनच ठेवत. 1790 मध्ये तो कर उठला, तरी ब्रिटनीने आपली सवय सोडली नाही. पुरणपोळीच्या पुरणात चिमूटभर मीठ घालणाऱ्या आपल्या आयाबायांना हे पटवून सांगावे लागत नाही. आमच्या मोठी मायने दुसरे बिस्किट घेताना, आपल्या नानखटाईतही मिठाचा खडा कुटून घालून पाहावा असे सुचवले, आणि त्या दिवाळीत भट्टीवर नेलेल्या एका ताटात आम्ही तसे केलेही.

मादलेन पाकिटात टिकते, पण ती टिकवण्यासाठी कारखान्यात साखरेचे पाक आणि ओलावा धरणारे घटक घालावे लागतात, म्हणून ती निवडताना यादी जितकी लहान तितके चांगले. एका बाजूला शिंपल्याच्या रेघा आणि दुसऱ्या बाजूला फुगवटा अशी तिची खूण आहे. पीठ गार करून एकदम तापलेल्या भट्टीत घातल्याने तो फुगवटा येतो. अठराव्या शतकात लोरेनचा ड्यूक स्तानिस्लास याच्यासाठी मादलेन नावाच्या एका सेविकेने ती केली असे कॉमेर्सीत सांगतात. पाकिटातली मादलेन किंचित उबवली तर पुष्कळ सुधारते : ओव्हन असल्यास 150 अंशांवर चार मिनिटे, नसल्यास जाड कढईत वाळू किंवा मीठ तापवून, वर जाळी ठेवून, झाकण लावून तितकाच वेळ. मायक्रोवेव्ह वापरू नये. त्यात ती आधी मऊ होते आणि गार होताच रबरासारखी चिवट होते. लिंबाच्या सालीचा वास उबेने वर येतो, तो आला की लगेच खावी.

पँ देपीस या नावाचा अर्थ मसाल्याचा पाव. दिजोंमध्ये तो गव्हाच्या पिठाचा करतात, रँसमध्ये राय नावाच्या धान्याचे पीठ वापरण्याची रीत होती, आणि दिजोंचे एक जुने घर 1796 पासून तो करत आले आहे. मध, बडीशेपेच्या जातीचा अनिस, दालचिनी, लवंग, सुंठ : यांतला एकही वास आपल्याला परका नाही, आणि म्हणूनच तो आपल्याकडे सर्वांत लवकर रुजतो असे मला वाटते. मध हवेतला ओलावा धरून ठेवतो, त्यामुळे हा केक आठवडेच्या आठवडे मऊ राहतो आणि फोडल्यावर दोन-तीन दिवसांनी अधिक चांगला लागतो. जाड तुकडा तोडून खाण्याची घाई करू नये. धारदार सुरीने पाव सेंटिमीटर जाडीचा काप काढावा, त्यावर घरचे लोणी बोटाने पसरावे आणि सावकाश चावावा. जाड तुकड्यात गोडी तेवढी कळते, पातळ कापात मसाले एकामागून एक कळतात. नॉनेतमध्ये मधोमध संत्र्याचा मुरंबा असतो, म्हणून ती आडवी न कापता उभी कापावी, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला मुरंबा येतो.

मार्सेयची नावेत कडक असते, इतकी की पहिल्यांदा खाणाऱ्याला ती शिळी वाटते. 2 फेब्रुवारीच्या सणाला ती घेऊन घरी ठेवण्याची तिथे प्रथा आहे, आणि तिचा होडीचा आकार प्रोव्हांसच्या किनाऱ्याला समुद्रमार्गे आलेल्या संत स्त्रियांच्या आख्यायिकेशी जोडतात. आपण बट्टी वरणात चुरतो तशी ती दुधात बुडवून खावी. म्हाताऱ्या माणसांना कोरडी देऊ नये. तिच्यात संत्र्याच्या फुलांचे अर्क-पाणी असते, त्याचा वास काहींना अत्तरासारखा वाटून नकोसा होतो. आमच्या घरात मत निम्मे-निम्मे पडले. रँसची गुलाबी बिस्किटेही बुडवण्यासाठीच असतात. तिकडे ती शँपेनमध्ये बुडवतात आणि दोनदा भाजलेली असल्याने ती विरघळत नाहीत. आपल्या चहातही ती टिकतात, मात्र चवीला ती साधी आहेत आणि रंगाचा प्रश्न पाहता मी ती पुन्हा मागवणार नाही.

कालिसों शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवावेत. ते डोळ्याच्या आकाराचे, बोटाच्या दोन पेरांएवढे असतात. मधला भाग दळलेले बदाम आणि साखरेत मुरवलेले खरबूज यांचा, वर पांढऱ्या साखरेचा गुळगुळीत थर, आणि खाली कागदासारखी पातळ पापडी. ही पापडी मैदा आणि पाणी यांची असते आणि ती खायची असते. मोठी माय पेढ्याखालचा कागद सोलावा तशी नखाने ती सोलू लागली, तेव्हा पुतण्याने तिचा हात धरून सांगितले, "हाऊ कागद नही शे मोठी माय, खावाना शे." ती पापडी सोलली तर खालून बदामाचा गोळा बोटांना चिकटतो आणि साखरेचा थर तुटतो, म्हणून पाहुण्यांना देण्यापूर्वीच हे सांगून ठेवावे. चव बदामबर्फीच्या जवळची वाटते, पण खव्याचा अंश नसल्याने ती हलकी असते, आणि मागाहून खरबुजाचा वास येतो. तापीच्या वाळूतली खरबुजे खाल्लेल्या माणसाला तो वास लगेच ओळखू येतो. एक कालिसों दोघांत अर्धा-अर्धा पुरतो.

ब्रवाये घरी बरीच माणसे असतील त्या दिवशी काढावे. प्वातूमध्ये ते सुरीने कापत नाहीत : टेबलाच्या मधोमध ठेवून वर मूठ मारतात आणि फुटलेले तुकडे ज्याने त्याने उचलायचे असतात. खाली स्वच्छ धुतलेला पंचा किंवा मोठे ताट घ्यावे, नाहीतर चुरा फरशीवर जातो आणि मुंग्या येतात. मूठ घरातल्या सर्वांत लहान मुलाला मारू द्यावी.

एवढे करूनही कोणी क्विन्य-आमान किंवा कानले पाकिटातून आणलाच, तर तो टाकून देऊ नये. पारंपरिक क्विन्य-आमानमध्ये मैदा, बटर, साखर, यीस्ट आणि मीठ एवढेच असते, म्हणजे अंडे न खाणाऱ्यांनाही तो बहुधा चालतो. यादी तेवढी पाहून घ्यावी. तो 160 अंशांवर आठ-दहा मिनिटे गरम करावा, वरची साखर पुन्हा चुरचुरू लागली की काढावा, आणि पाच मिनिटे जाळीवर ठेवून कोमट खावा. कानल्याला 200 अंशांची कडक आच पाच मिनिटे द्यावी आणि मग पंधरा मिनिटे तसाच राहू द्यावा, कारण त्याचे कवच गार होताना कडक होते, गरम असताना होत नाही.

तळाशी उरलेला बटरच्या बिस्किटांचा चुरा डब्यातून काढून बारीक चाळणीने चाळावा. जाड चुरा गार श्रीखंडावर भुरभुरावा आणि बारीक चुरा दुधात कालवून लहान मुलांना द्यावा; बटर असल्याने तो पंधरा दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये.